ब्यर्क : गाजणे आणि गाणे

२००१ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ऑस्कर समारंभाला आइसलंडची एक गायिका हंसाचा वेश करून आली होती. पांढरा पिसांचा घोळदार झगा, गळ्याभोवती वेढा घालून छातीवर टेकलेली हंसाची मान आणि चोच, असा तो थाट होता. एवढ्याने भागले नाही म्हणून की काय, तांबड्या गालिच्यावरून चालताना तिने अंडीही टाकली. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांतून झळकले. आमच्या इंदूरच्या वृत्तपत्रांतही आले. योगायोग असा, की त्याच सुमारास मंडळाच्या मासिक बैठकीत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताविषयी चार शब्द बोलण्याची कामगिरी आमच्यावर आली होती. आम्ही ते कात्रण सभेपुढे धरले आणि म्हणालो, "गळा थकला की माणसाला पिसे लावावी लागतात." सभेत हशा पिकला, टाळीही मिळाली. खरी गोष्ट ही, की त्या दिवसापर्यंत आम्ही त्या बाईचा एक सूरही ऐकलेला नव्हता.

फाईल न वाचता शेरा मारणाऱ्या वरिष्ठांविषयी आम्ही सरकारी नोकरीत जन्मभर कुरकूर केली. त्या सायंकाळी आम्ही तेच केले होते, हे ध्यानात यायला चार वर्षे लागली. २००५ साली आमची कन्या सुट्टीत घरी आली असता तिच्या खोलीतून एक विलक्षण आवाज ऐकू आला. वाद्य म्हणावे असे काहीच वाजत नव्हते. कोणी घोगऱ्या कंठाने श्वास ओढीत होते, कोणी ओठांनी ताल धरीत होते, आणि या सगळ्यांवर एक स्त्रीस्वर लहान मुलासारखा निःशंकपणे चढत होता. विचारले, तेव्हा नाव कळले : ब्यर्क. हंसवाली तीच.

तेव्हापासून आम्ही तिच्या ध्वनिमुद्रिका मागेपुढे, जशा मिळाल्या तशा, ऐकत आलो आहोत. आज तो जुना शेरा दुरुस्त करावा असा मानस आहे. मात्र वाचकांनी स्तुतिपाठाची अपेक्षा करू नये. या बाईची लोकप्रियता आणि तिचे गाणे यांचे नाते आम्हांला मोठे चमत्कारिक वाटते, आणि त्या नात्याविषयीच लिहायचे आहे.

प्रथम नावाविषयी. आइसलंडी भाषेत 'ब्यर्क' म्हणजे भूर्जवृक्ष. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या तोच हा वृक्षकुल. आणि 'भूर्ज' व 'ब्यर्क' हे दोन शब्दही एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. तिचे पूर्ण नाव ब्यर्क गुद्मुंड्सदोत्तिर, म्हणजे गुद्मुंडुरची दुहिता. यातला 'दोत्तिर' आणि आपला 'दुहिता' हेही सख्खे भाऊबंद. आइसलंडात बहुतेकांना आडनाव नसतेच. पित्याचे, क्वचित मातेचे नाव पुढे लावायचे आणि व्यवहारात माणसाला पहिल्या नावानेच हाक मारायची, देशाच्या पंतप्रधानांनाही. तेव्हा 'ब्यर्क' हे काही रंगभूमीसाठी घेतलेले टोपणनाव नव्हे. एकेरी नावाने मिरवण्याची ऐट म्हणून पाश्चात्त्य पत्रकारांनी त्यावर बरेच लिहिले. तिच्या देशात ती केवळ रीत होती.

या देशाची आजची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, आणि ती जन्मली तेव्हा दोन लाखांच्या आसपास होती. आमच्या इंदूर शहरात त्याच्या कित्येक पट माणसे राहतात. परंतु या मूठभर लोकांची भाषा अशी, की तेराव्या शतकातील सागाकथा आजचा सुशिक्षित वाचक फारशा सायासाविना वाचू शकतो. १९५५ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक याच भाषेतील हाल्दोर लाक्सनेस यांना मिळाले. नव्या वस्तूंना परकी नावे देणे त्यांना रुचत नाही. संगणकाला त्यांनी 'त्यल्वा' हा शब्द घडवला : अंक या अर्थाचा शब्द आणि भविष्य सांगणारी जुनी 'व्यल्वा' यांची सांगड, म्हणजे जणू अंकांची देवर्षीण. सावरकरांच्या भाषाशुद्धीचे संस्कार झालेल्या पिढीला या खटाटोपाचे मोल निराळे सांगायला नको. एवढ्या जपून ठेवलेल्या भाषेतून उठून एका मुलीने इंग्रजीत गाऊन जग जिंकले, ही गोष्ट म्हणूनच साधी नाही.

ब्यर्कचा जन्म २१ नोव्हेंबर १९६५ चा, रेक्याविकचा. वडील वीजतंत्री, पुढे कामगार संघटनेचे पुढारी. आईवडील लवकरच विभक्त झाले आणि मुलगी आईबरोबर, गाणेबजावणे करणाऱ्या मुक्त वृत्तीच्या माणसांत वाढली. संगीतशाळेत ती बासरी आणि पियानो शिकली. शाळेतल्या तिच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण नभोवाणीवर गेले आणि त्यातून १९७७ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तिच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ती तिच्या देशात चांगली खपली. त्या तबकडीत बहुतेक गाणी इतरांची होती; तिची स्वतःची रचना एकच, तीही गाणे नव्हे, चित्रकार योहान्नेस क्यारवाल यांच्या स्मरणार्थ केलेली वाद्यरचना. दुसरी तबकडी काढण्याचा आग्रह झाला तेव्हा मुलीने नकार दिला. बालकलाकारांच्या कौतुकाचे पुढे काय होते हे आपण पुष्कळदा पाहिलेले असल्यामुळे या नकाराकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. लोकांना आवडले तेच पुन्हा करणे हा धंद्याचा पहिला नियम. बाराव्या वर्षी तो मोडणारी मुलगी पुढेही तो मोडीतच राहिली.

त्यानंतरची दहा वर्षे तिने बंडखोर तरुणांच्या वाद्यवृंदांत काढली. त्यांची सगळी नावे देऊन वाचकांस शिणवीत नाही. त्यांपैकी 'कुक्ल', म्हणजे जादूटोणा, हा वृंद ऐकणे आम्हांला दोनदा प्रयत्न करूनही जमले नाही. १९८६ साली या मंडळींनी 'स्मेक्क्लेइसा', म्हणजे चक्क 'अभिरुचिहीनता', या नावाची संस्था काढली. ती कवितांची पुस्तकेही छापी आणि तबकड्याही काढी. त्याच वर्षी रेगन आणि गोर्बाचेव्ह यांची भेट रेक्याविकमध्ये झाली. या पोरांनी त्या भेटीचे पोस्टकार्ड छापून विकले आणि पैसा उभा केला. संस्थेच्या वाद्यवृंदाचे नाव होते 'साखरेचे खडे'. इंग्रजीत 'द शुगरक्यूब्ज'.

१९८७ साली या वृंदाचे 'अम्माइली', म्हणजे वाढदिवस, हे गाणे इंग्लंडात निघाले आणि तिथल्या संगीतविषयक साप्ताहिकांनी ते डोक्यावर घेतले. मूळ गाणे आइसलंडी, मग त्याचीच इंग्रजी आवृत्ती. आम्ही दोन्ही लागोपाठ ऐकली आहेत आणि आमचे मत असे, की ज्या जागी गाणे खरोखर उंच जाते तिथे भाषाच उरत नाही. शब्द संपतो आणि केवळ एक आरोळी निघते. आनंदाची की भयाची हे सांगता येऊ नये अशी. ब्यर्कच्या साऱ्या पुढच्या गायनाचे बीज त्या आरोळीत आहे. इंग्लंडने जे उचलून धरले ते इंग्रजी गाणे नव्हते. कोणत्याच भाषेत नसलेली ती जागा होती.

वृंद १९९२ साली मोडला. त्याआधी, १९९० साली, ब्यर्कने एक गोष्ट केली होती जिच्याकडे बाहेरच्या समीक्षकांचे फारसे लक्ष गेले नाही. गुद्मुंडुर इंगोल्फ्सन यांच्या तीन जणांच्या जॅझ मेळाबरोबर तिने 'ग्लिंग-ग्लो' ही ध्वनिमुद्रिका केली. सोळा गाणी, त्यांतील चौदा आइसलंडी, बहुतेक जुनी आणि घरोघरी ठाऊक असलेली. ही तबकडी आम्हांला फार आवडते. इथे ती कुणाला चकित करायला निघालेली नाही. घरच्या समारंभात एखाद्या भाचीने उठून गावे तशी ती गाते आणि मधूनच खोडकरपणे सूर मोडते. तिला नुसते गोड गाता येत नव्हते म्हणून ती विचित्र गाऊ लागली, असे म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावे. आम्हीही त्यांपैकीच एक होतो.

१९९३ साली ती लंडनला आली. नेली हूपर या निर्मात्याबरोबर केलेली 'डेब्यू' जुलैमध्ये निघाली आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढच्या वर्षी ब्रिट पुरस्कारांत उत्कृष्ट परदेशी गायिका आणि उत्कृष्ट परदेशी नवागत असे दोन्ही मान तिला मिळाले. नवागत! पहिल्या तबकडीला तेव्हा सोळा वर्षे उलटली होती. परंतु मोठ्या भाषेत पाऊल टाकीपर्यंत माणूस जन्मतच नाही, असा मोठ्या भाषांचा समज असतो.

या 'डेब्यू'चा एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो. तीमधील 'व्हीनस अॅज अ बॉय' या गाण्यातील व्हायोलिनादी तंतुवाद्यांचा भाग तबलावादक तलविन सिंग यांनी बांधला आणि तो मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतला. हे कळण्यापूर्वीच ते गाणे आम्हांला ओळखीचे वाटले होते. त्या मिंडा, सुरांवर तो किंचित लोंबकळत राहण्याचा ढंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चित्रपटगीतांच्या मागे निनावी वाजवणाऱ्या आपल्या त्या वादकांचा हात युरोपच्या लाखो घरांत पोहोचला आणि तिथेही बहुतेक निनावीच राहिला.

आता १९९५ सालाकडे येऊ. 'पोस्ट' ही ध्वनिमुद्रिका त्या वर्षी निघाली आणि तिच्यातील एका गाण्याने ब्यर्कला सर्वांत मोठे यश दिले. ते 'इट्स ओह सो क्वायट'. ब्रिटनच्या यादीत ते चौथ्या क्रमांकावर गेले. तिथे तिच्या कोणत्याही गाण्याने ही उंची पुन्हा गाठली नाही. ज्यांना तिचे दुसरे काहीही ठाऊक नाही त्यांना हे ठाऊक असते. गाण्याची बांधणी अगदी सोपी आहे. हलक्या कुजबुजीत शांततेचे वर्णन चालते, आणि प्रेम जडले रे जडले की पितळी वाद्यांचा गदारोळ उसळतो. मग पुन्हा बोट ओठांवर. स्पाइक जोन्झ या दिग्दर्शकाने त्यावर जुन्या अमेरिकन संगीतपटांच्या धर्तीची फीत केली. ती पाहून आमच्या घरातील लहान मुलेसुद्धा नाचली.

आणि हे गाणे तिचे नाही. बेटी हटन या अमेरिकन गायिका-अभिनेत्रीने ते १९५१ साली गायले होते, आणि तेही मूळ १९४८ च्या एका जर्मन गाण्याचे इंग्रजी रूप. ब्यर्कने रचना जवळजवळ जशीच्या तशी उचलली. बारकाईने ऐकले तर तिची म्हणावी अशी वस्तू तीत एकच सापडते, ती म्हणजे किंकाळ्या. ज्या आरोळीने 'अम्माइली' उंच गेले होते तीच आरोळी इथे विनोदाला जुंपलेली आहे. गाणे झकास आहे, यात वाद नाही. पण आपल्या गळ्यातील सर्वांत खासगी वस्तू टाळ्यांच्या जागी चालते आहे, हे गाणाऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही. २००२ साली तिच्या निवडक यशस्वी गाण्यांची मुद्रिका निघाली, तेव्हा तिच्यात हे सर्वांत यशस्वी गाणे घेतलेच नाही. मैफलींतूनही ते फार पूर्वीच गळाले. काही समीक्षकांनी याला मानभावीपणा म्हटले. लोकांनी प्रेमाने जे घेतले ते परत मागायचा कलावंताला काय अधिकार, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नाही. ज्या श्रोत्याने तेवढे एक गाणे ऐकण्यासाठी तिकीट काढले त्याची निराशा आम्ही समजू शकतो. नाट्यसंगीताच्या मैफलीत ठरावीक पदाची फर्माईश पुरी झाली नाही म्हणून आम्हीच घरी फुरंगटून आलो आहोत. परंतु ब्यर्क ते पुन्हा पुन्हा गात राहिली असती, तर पुढील वीस वर्षे लोकांनी तिला त्याच एका खोलीत बसवले असते. बाराव्या वर्षीचा नकार आणि हा नकार आम्हांला एकच वाटतो.

१९९६ हे वर्ष तिला वाईट गेले. बँकॉकच्या विमानतळावर एका वार्ताहर स्त्रीवर ती धावून गेली आणि ते दृश्य जगभर दाखवले गेले. सप्टेंबरात अमेरिकेतील एका मनोविकृत चाहत्याने तिच्या नावे आम्लाचा बॉम्ब टपालाने धाडून आत्महत्या केली. सुदैवाने लंडनच्या पोलिसांनी ते पार्सल तिच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. लोकप्रियतेचे हेही एक टोक आहे. लंडन सोडून ती स्पेनच्या दक्षिणेस गेली आणि तिथे 'होमोजेनिक' आकारास आली.

१९९७ सालच्या या मुद्रिकेपासून ती घराकडे वळली असे आम्ही मानतो. आणि गंमत ही, की मुद्रिका सबंध इंग्रजीत आहे. आठ आइसलंडी तंतुवादकांचा मेळ आणि त्याखाली मार्क बेल यांच्यासारख्यांनी यंत्रावर घडवलेले कडाडणारे ठोके, एवढ्या दोनच द्रव्यांवर बहुतेक सारे उभे आहे. त्या ठोक्यांत तिला आपल्या देशाचे ज्वालामुखी ऐकवायचे होते. अशा घोषणांवर आमचा विश्वास सहसा बसत नाही, पण 'योगा' हे गाणे ऐकताना बसतो. (हे तिच्या मैत्रिणीचे नाव, आपल्या योगाशी त्याचा संबंध नाही.) तंतुवाद्ये संथ पसरत जातात आणि मध्यावर जमीन फाटावी तसे ठोके वर येतात. या गाण्याचे शब्द स्योन या आइसलंडी कवीचे. स्योन हा तिचा तरुणपणापासूनचा स्नेही. २००५ साली नॉर्डिक कौन्सिलचे साहित्य पारितोषिक मिळवणारा कादंबरीकारही तोच. आपल्या भाषेत कविता लिहिणारा कवी मैत्रिणीसाठी इंग्रजीत लिहितो आणि ती ते इंग्रजी आपल्या उच्चारांत गाते. तिचा 'र' ऐका. इंग्रजाचा 'र' जिभेवर विरतो. हिचा 'र' खडकावरून गाडी जावी तसा खडखडत जातो. लंडनमध्ये इतकी वर्षे राहूनही तो तिने घासून गुळगुळीत केला नाही. परमुलखात चार पिढ्या काढलेल्या आपल्या घराण्यांत, हिंदीत बोलतानाही 'ळ' न सोडणारी एखादी आजी असते. तिची आम्हांला आठवण होते.

२००० साली लार्स फॉन ट्रायर यांच्या 'डान्सर इन द डार्क' या चित्रपटात तिने सेल्माची भूमिका केली. अमेरिकेच्या कारखान्यात राबणारी, हळूहळू अंध होत चाललेली एक चेक स्त्री. कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार आणि तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. चित्रपट आम्हांला निर्दय वाटला. दिग्दर्शक प्रेक्षकाचे अश्रू जबरदस्तीने वसूल करतो. संगीत मात्र ब्यर्कचे आहे, आणि कारखान्यातील यंत्रांच्या, आगगाडीच्या चाकांच्या आवाजातून ताल उगवण्याची कल्पना तिच्या स्वभावाशी इतकी जुळते, की तिला ती भूमिका करावी लागलीच नसावी. याच चित्रपटातील गाण्याला ऑस्करचे नामांकन होते. हंसाचा वेश करून ती गेली ती त्या समारंभाला. म्हणजे गळा थकला होता म्हणून पिसे लावली, या आमच्या विनोदात तारखांचाही घोळ होता. तो गळा त्या वेळी ऐन भरात होता.

तोच गळा उघडा करून दाखवणारी मुद्रिका म्हणजे २००४ ची 'मेदुल्ला', आमच्या कन्येच्या खोलीतून ऐकू आलेली. 'मेदुल्ला' हा लॅटिन शब्द. अर्थ मज्जा, हाडांच्या आतली. मुद्रिकेत वाद्ये जवळजवळ नाहीतच. जे काही वाजते ते माणसाच्या कंठातून, ओठांतून, श्वासांतून. कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट जमातीची तान्या तागाक कंठगान करते, अमेरिकेचा राझेल आणि जपानचा दोकाका तोंडाने ताल धरतात, इंग्लंडचे रॉबर्ट वायट आपला पातळ, थकलेला स्वर मिसळतात, आणि आइसलंडी गायकांचा समूह या सगळ्यांना धरून ठेवतो. ऐकायला सोपे नाही. पहिल्यांदा ऐकताना अंगावर शहारा येतो, कारण गाण्यातून आपण सामान्यतः जे गाळून टाकतो ते इथे पुढे आणलेले आहे : धाप, हुंदका, घशातली घरघर. देवास आमच्या शेजारचे. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसातून कुमार गंधर्वांनी श्वासाच्या तुटक्या तुकड्यांचीच गायकी केली, हे ज्या पिढीने समोर बसून ऐकले तिला गाण्यातला श्वास हा दोष मानता येणार नाही. दोन संगीतांची तुलना आम्ही करीत नाही. कान कसे तयार झाले एवढेच सांगतो.

'मेदुल्ला'त 'व्हकुरो' नावाचे एक गाणे येते. ते आइसलंडी आहे. १९१८ साली जन्मलेल्या योरुन विदार या संगीतकार स्त्रीची ही रचना. त्यात नवल असे काही केलेले नाही. समूह हळू स्वर भरतो, ब्यर्क सरळ गाते. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून एवढे कंठ गोळा केल्यावर तिने मध्ये हे ठेवले आणि श्रोत्याला अर्थ कळेल की नाही याची फिकीर केली नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अथेन्सच्या ऑलिंपिक उद्घाटनात तिने 'मेदुल्ला'तलेच 'ओशेनिया' गायले. तिच्या झग्याचे कापड उलगडत मैदानातील खेळाडूंवर समुद्रासारखे पसरत गेले. शब्द पुन्हा स्योनचे. लाखो लोकांनी कापड पाहिले. गाणे किती जणांनी ऐकले असेल, असा विचार मनात येतो.

कारण नंतर तिचेही तोल गेले आहेत. २००७ ची 'व्होल्टा' आम्हांला नीट जमलेली वाटत नाही. मालीचे कोरावादक तुमानी दियाबाते, काँगोचा वाद्यवृंद, अमेरिकेचा टिंबलँड, सगळे एका पंगतीला बसले आहेत, पण पंगत लागत नाही. मौज अशी, की अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत गेलेली तिची पहिली मुद्रिका हीच. याच मुद्रिकेतील स्वातंत्र्याची घोषणा करणारे गाणे तिने २००८ साली शांघायमध्ये गायले आणि अखेरीस तिबेटचे नाव पुकारले. त्यानंतर चीनने परदेशी कलावंतांवरील बंधने कडक केली. धाडस मोठे, गाणे मात्र घोषणेपलीकडे जात नाही. २०११ ची 'बायोफिलिया' तर संगणकीय खेळण्यांसह आली. प्रत्येक गाण्याबरोबर निसर्गातील एक तत्त्व समजावणारे उपकरण होते. शाळांतून मुलांना संगीत शिकवण्यासाठी त्याचा उपयोग झाला, ही चांगली गोष्ट. ऐकताना मात्र आम्हांला सारखे वाटत राहिले की वर्गात बसलो आहोत. कल्पनेने गाण्याला पुढे घालून हाकलल्याचे हे उदाहरण आहे. ग्रॅमी पुरस्कारासाठी तिला सोळा वेळा नामांकन मिळाले आणि पुरस्कार एकदाही नाही. तिचे चाहते याचा राग करतात. आम्हांला राग येत नाही. ज्या दुकानातून तिने १९९५ नंतर माल उचलणे सोडले त्या दुकानाने तिला बक्षीस द्यावे, असा आग्रह का?

२०१५ ची 'व्हल्निक्युरा' ही संसार मोडल्याच्या दुःखाची मुद्रिका. तीवर बरेच लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आम्ही पुढे जातो, कारण आम्हांला २०२२ च्या 'फोसोरा'विषयी सांगायचे आहे.

ब्यर्कची आई २०१८ साली वारली. हिल्दुर रूना हाउक्सदोत्तिर ही स्वतः एक करारी बाई. पूर्व आइसलंडात धरण आणि अॅल्युमिनियमचा कारखाना होऊ नये म्हणून तिने २००२ साली उपोषण केले होते. आम्ही शासनाचे नोकर, उपोषणाला बसलेल्या माणसांकडे टेबलाच्या पलीकडून पाहण्याची आम्हांला सवय. तरीही या बाईविषयी आदर वाटतो. लेकीनेही पुढे तीच वाट धरली. २००८ पासून निसर्गरक्षणासाठी मैफली केल्या, सह्या गोळा केल्या, आणि २०२३ साली समुद्रातील सामन माशांच्या शेतीविरुद्धच्या लढ्यासाठी स्पेनच्या रोसालिया या गायिकेबरोबर एक गाणे काढले.

'फोसोरा'त आईसाठी दोन गाणी आहेत. 'अॅन्सेस्ट्रेस' हे मृत्यूनंतरचे. त्यात तिचा मुलगा सिंद्री साथीला गातो, म्हणजे नातू आजीसाठी गातो. 'सॉरोफुल सॉइल' त्याआधीचे. ते हाम्राह्लीद येथील गायकसमूहाने नऊ निरनिराळ्या स्वरपंक्तींत गायले आहे. हा समूह रेक्याविकमधील एका शाळेच्या पोरांचा. सोळाव्या वर्षी, बंडखोर वृंदांत ओरडत असतानाच, ब्यर्क या समूहातही रीतसर रांगेत उभी राहून गात असे. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी निघालेल्या मुद्रिकेत ती त्याच समूहात परत गेली. या गाण्यात ताल नाही, यंत्र नाही, आरोळीही नाही. स्वर एकमेकांच्या खांद्यांवरून पुढे सरकतात, जशी माणसे काही जड वस्तू उचलून नेताना पावले टाकतात.

आणि याच मुद्रिकेत 'फागुर्त एर ई फ्यर्दुम' हे एक अगदी छोटे गाणे आहे. शब्द अठराव्या शतकातील लाउत्रा-ब्यर्ग हिचे. ही कवयित्री मासेमारी करून पोट भरणारी, उत्तर किनाऱ्यावरच्या फ्योर्डांत भटकणारी बाई. गाणे आइसलंडी आहे. ते मिनिटभरही चालत नाही. आमच्या कन्येने अलीकडे फोनवर विचारले, "बाबा, त्याचा अर्थ शोधून पाठवू का?" आम्ही म्हटले, राहू दे, आधी आणखी दोनचार वेळा ऐकतो.